चालतंय का बघा

शेरकर वहिनींनी नवऱ्याचा फोन माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर आमच्या ऑफिसची नऊ पत्रं होती, नऊही अगदी सारखी. "श्री. बळवंत शेरकर, आपण कार्यमुक्त झाला आहात. लॅपटॉप तीन दिवसांत जमा करावा. पुढील वाटचालीस शुभेच्छा." आली कधी, तर दहाव्याला, घाटावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे असताना.

"ते गेले हे आम्हाला एकदा कळलंय हो," एवढंच म्हणाल्या आणि लॅपटॉपची बॅग ठेवून निघून गेल्या.

ते बटण मीच बनवलं होतं. नोकरी सोडणाऱ्याचं नाव भरून लिंक दाबली की कार्ड बंद, ईमेल बंद, पत्र रवाना. देवस्थळी साहेबांनी शेरकरांचं नाव भरलेली लिंक ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती. "नवीन बटण आहे, चालतंय का बघा रे." नऊ जणांनी बघितलं.

मी तडक केबिनमध्ये शिरले.

"सॉफ्टवेअरची चूक ती," साहेब चहा ढवळत म्हणाले. "एक सॉरीचं पत्र जाऊ दे. त्याचंही बटण करून टाक ना."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिथेच उभ्या उभ्या मी नवी लिंक केली, नाव भरलं, ग्रुपवर टाकली आणि खाली साहेबांचेच शब्द लिहिले.

साहेबांचा फोन वाजला. वाचता वाचता त्यांचा चमचा थांबला.

"मी लॅपटॉप जमा करू? मी? हे कोणी..."

फोन पुन्हा वाजला.

"चालतंय का बघतायत, साहेब," मी म्हणाले. "अजून सात जण बाकी आहेत."