पान पाहिल्याची तारीख

बालरोग विभागाच्या सरांनी एमडीचा प्रबंध तिसऱ्यांदा तिच्या अंगावर भिरकावला. "वेबसाइटचा संदर्भ म्हणजे नुसती लिंक चिकटवणं नव्हे, डॉक्टरीणबाई! पान कुणी लिहिलं, तू ते कधी पाहिलंस, तारीख कुठंय? उद्या पान बदललं, तर वाचणाऱ्यानं काय तुझ्या तोंडाकडे बघायचं?" सगळ्या विभागासमोर तिची बिनपाण्यानं हजामत करून सर जेवायला निघून गेले.

आठवड्यानं तिनं प्रबंध मुकाट्यानं पुन्हा टेबलावर ठेवला. सर लाल पेन उघडून चुका हुडकायलाच बसले. पण आता प्रत्येक वेबसाइटपुढे लेखक होता, तारीख होती. वाचताना काढलेली पानाची प्रिंटही, कोपऱ्यातल्या तारखेसकट, मागे जोडलेली. सर जास्तच चिडले. मग एका संदर्भावर पेन थबकलं. पान त्यांच्याच विभागाचं, लहान मुलांच्या औषधाच्या डोसचं. लेखक म्हणून खुद्द सरांचं नाव.

"डोस चुकीचा उतरवलायस तू."

"पान तेव्हा तसंच होतं, सर. बाळ दगावलं त्याच्या आदल्या दिवशी पाहिलंय मी. बदललं नंतर."

त्या बाळाला चुकीचा डोस दिला म्हणून निलंबित झालेली नर्स अजून घरी बसून होती. 'पान पहिल्यापासून बरोबरच होतं, नर्सबाईंनीच नीट वाचलं नाही,' असं सरांनी चौकशीत छातीठोकपणे सांगितलं होतं.

सरांनी उठून दार लावून घेतलं. आवाज एकदम मऊ झाला.

"तसं बघ बेटा, वेबसाइटच्या संदर्भाला तारीख नसली तरी चालतं."