बोंडूचं पेट्रोल

"हा प्रवास तोट्याचा आहे," कोल्हापूरची वेस ओलांडतानाच गाडीने सांगितलं. "घाटाखाली लिटरमागे दोन रुपये वाचतील, पण जाण्यायेण्यात त्याच्या कितीतरी पट जळेल."

"तू गप रस्ता बघ," शालन गाडीवर खेकसली. दर रविवारी स्वस्त पेट्रोलचा हट्ट तिचाच असे. विनायकराव बायकोकडे बघून नुसते हसले.

जिथे जे पिकतं ते तिथल्या पेट्रोलात मिसळायला लागल्यापासून कोल्हापुरात गाड्यांच्या धुराला काकवीचा वास येई. आंबोली घाट उतरल्यावर तो मागे पडला. पंपावर पोचताच शालनने काच खाली केली आणि डोळे मिटले. सगळीकडे पिकल्या काजूबोंडांचा घमघमाट होता. तिचं माहेरचं घर, परसातली काजूची झाडं, कधीच विकली गेली होती. वास मात्र अगदी तोच होता.

"काकी, टाकी फुल करू?" पंपावरच्या बाईने विचारलं.

"नको गो बाय!" इतकी वर्षं कोल्हापुरी बोलणारी शालन एकदम मालवणीत म्हणाली. "घराक पोचण्यापुरताच घाल. फुडल्या आयतवारी भाव आणखी उतरतलो."

गाडी काही बोलणार, इतक्यात विनायकरावांनी तिचा स्पीकर बंद केला.