पाहुण्या संघाकडून

ऐंशीव्या मिनिटाला चेंडू डेर्लिसच्या पायाशी आला, तेव्हा समोर फक्त गोलरक्षक होता. पराग्वेतल्या या छोट्या गावातच तो मैदानाच्या उजव्या कडेने धावायला शिकला होता. यंदा राजधानीतल्या मोठ्या क्लबने त्याला नेलं, आणि आज तो त्यांच्याकडून स्वतःच्या गावाविरुद्ध खेळत होता. हा सामना हरला, तर गावचा क्लब खालच्या श्रेणीत जाणार होता.

त्याने गोल मारला. सगळं मैदान गप्प झालं. नवे सोबती येऊन बिलगले, पण त्याचे हात काही वर गेले नाहीत.

त्या एकाच गोलवर गावचा क्लब हरला. सामना संपल्यावर प्रशिक्षक म्हणाले, "स्पेनच्या एका क्लबचा माणूस आलाय तुझा खेळ बघायला. खूश आहे तुझ्यावर."

डेर्लिसने मान हलवली आणि तो वडिलांकडे गेला. ते या मैदानाचे माळी होते. गोलपाशी बसून उखडलेलं गवत दाबत होते.

"बाबा, मला मारावाच लागला."

"सुरेख मारलास," ते वर न बघता म्हणाले.

"घरी येऊ जेवायला?"

त्यांचा हात थांबला. "आज नको, पोरा. गावच्या क्लबची सगळी मुलं आपल्या अंगणात येऊन बसतील. त्यांच्यासमोर तुला कुठे बसवू?"

संघाची बस त्याच्याच गल्लीतून निघाली. अंगणात माणसं जमली होती. दारात आई उभी होती, बसच्या एकेका खिडकीत बघत. डेर्लिसने काचेवर हात टेकवला. तेवढ्यात अंगणातल्या कुणीतरी बसकडे बोट दाखवलं, आणि डेर्लिसने खिडकीचा पडदा ओढून घेतला.