भिंतीला पाणी

ढवळीकरांच्या घराला आठ महिने कुलूप होतं. कुंपणाची भिंत वाळून मेलीच असणार, असं धरूनच नगरपालिकेच्या शेटेबाई नोटीस घेऊन आल्या. जिवंत सिमेंटला रोज पाणी मारलं, की ते आपल्या भेगा आपणच बुजवतं. न मारणाऱ्या घरमालकावर कारवाई होते.

पण भिंत तर ओली, ठणठणीत! आणि पलीकडे पाइप धरून कोण उभं? कुदळेकाका! हद्दीच्या सहा इंचांसाठी ढवळीकरांवर बारा वर्षं हरकतींमागून हरकती घेणारे शेजारी.

"काका, तुम्ही पाणी मारता?"

"भांडण त्याच्याशी आहे, भिंतीशी नाही."

शेटेबाईंना त्या म्हाताऱ्याचं फार कौतुक वाटलं. तरी त्यांनी टेप लावलीच. पाणी जिकडून मिळेल तिकडे ही भिंत वाढते; ती कुदळ्यांच्या जागेत चांगली चार बोटं शिरली होती.

"काका, हे अतिक्रमण झालं. मला लिहावंच लागेल."

काकांनी भिंतीवरून हात फिरवला.

"लिहा की. आणि खाली हेही लिहा, शेजाऱ्याची हरकत नाही."