काउबॉयची सवय

माझी बायको रत्ना गेल्यावर दोन महिन्यांनी पुण्याहून तिच्या संपादिकेचा, ऋचाचा फोन आला. रत्नाच्या शेवटच्या कादंबरीत एक अडचण होती.

"काका, नायक चांगला रांगडा काउबॉय आहे. पण नायिकेला पहिल्यांदा जवळ घेतो, तेव्हा हा तिच्या पाठीला कान लावतो! म्हणतो, 'तुझा श्वास बरोबर वाजत नाही. चल, आत्ताच डॉक्टरकडे.' बायका हसतील हो वाचून. कुठल्या काउबॉयला असते अशी सवय?"

सिंगापूरला तुआसच्या शिपयार्डात मी तीस वर्षं जहाजांची इंजिनं दुरुस्त केली. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. कुठलं बेअरिंग जाणार, ते मला आवाजावरून आधीच कळायचं. घरी आलो की रत्नाला तेच रंगवून सांगायचो. बाजाराच्या पिशव्या खाली ठेवून ती धापा टाकत ऐकायची.

"काका, काढू का तो प्रसंग?"

"नको. तिने तो कधी पाठवला होता?"

"गेल्या मार्चमध्ये."

डॉक्टरकडे आम्ही त्यानंतर आठ महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये गेलो.