वजन जास्त आहे

"जावईबापू, माझी चालती लिफ्ट तुम्ही बंद पाडलीत!" सासरे कडाडले. वजनाच्या चाचणीसाठी वाळूची पोती भरलेली लिफ्ट तळमजल्यावर मुकी उभी होती आणि दुपारी तपासणीला माणसं येणार होती.

"मी लिफ्टचा प्रोग्राम तयार करणाऱ्या कंपाइलरचा एक ऑप्शन तेवढा लावला, मामा. प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेलं वाक्य आता मध्येच कुणाला बदलता येत नाही. बदलायला गेलं, की प्रोग्राम जागच्या जागी थांबतो."

"मग थांबला कशाला?"

जावयाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. प्रोग्राम जिथे थांबला होता, ती ओळ सासऱ्यांनीच लिहिलेली होती: 'वजन जास्त आहे' हे पुसून त्या जागी 'सर्व ठीक' लिहायची.

"मला अक्कल शिकवू नकोस. काढ तो ऑप्शन!"

त्याने काढला. 'सर्व ठीक' झळकलं, दार अलगद मिटू लागलं. सासऱ्यांची छाती फुगली. "बघ, कशी लोण्यासारखी चालते!"

जावयाने पाय घालून दार अडवलं. "मग या ना, मामा. पोत्यांच्या कडेला दोघांपुरती जागा आहे. हिनेच वर जाऊ."

सासरे जिना चढू लागले.