मोकळं मनगट

पुण्याच्या इस्पितळात कॅन्सरसाठी विजेचे शेक घेऊन फुलाबाईच्या पोटात पाणीबी ठरंना. ओकतच राहिली तर शेक बंद, मंजी माणूस गेलंच. डॉक्टरीणबाई केसासारख्या चिनी सुया घेऊन आल्या. “मळमळ दबेल यानं. बांगड्या काढा, मनगटात टोचायचंय.” फुलाबाईनं हात मागं घेतला. वाळल्या हातातनं गळू नयेत म्हणून गावी वेल्ह्यात भरलेल्या बांगड्या दोऱ्यानं बांधलेल्या. “धनी जित्तं असताना हात मोकळा करू? त्येंनाच काय झालं तर?” “आगं येडे, हितंच हाय न्हवं!” नवरा कोंडिबा खेकसला. “धर माझी नाडी. बंद पडली तर बोंबल.” त्यानंच दोरा तोडला. सुया शिरल्या तरी फुलाबाई नाडीच चाचपत बसलेली. “बाई, ह्येंची लई पळतीया!” “घाबरलेत ते,” बाई म्हणाल्या. कोंडिबानं पेज पुढं केली. “गप पी.” त्याचं मनगट न सोडता ती प्याली. घोट ठरला.